सांगितलेल्या आठवणी

आमगावच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून एक रस्ता खैरटोल्याला जातो. तिथल्या शाळेत एका सकाळी सहावीच्या मुलांची सोडत निघाली आणि बिसेनांच्या जुळ्या मुलींच्या वाटा वेगळ्या झाल्या. नियम साधा होता. कानामागे लावायच्या पट्ट्या कमी, मुलं जास्त, म्हणून एका घरात एकच पट्टी. मास्तरांनी बरणीतून चिठ्ठी काढली, उलगडली आणि वाचली, "केतकी बिसेन."

दुर्वाने टाळ्या वाजवल्या. दोघींचा चेहरा एक, आवाज एक, गुणही जवळपास सारखे. त्यामुळे पट्टी हिला मिळाली काय न् तिला मिळाली काय, घरातच आली, असं तिला तेव्हा मनापासून वाटलं होतं.

पट्टीचं नाव होतं 'उजळणी'. सरकारी खर्चाने चालणाऱ्या राज्य अध्ययन-तंत्र मंडळाने ती बनवली होती. शिकवणी लावणं ज्यांना परवडत नाही अशा मुलांसाठी ती होती, आणि तिच्यामागचं शास्त्र खोटं नव्हतं. दिवसभरात आपण जे पाहतो, ऐकतो, ते मेंदू आधी कच्चं टिपून ठेवतो. गाढ झोपेत त्यातला काही भाग तो पुन्हा पुन्हा चालवून पाहतो आणि पक्का करतो. उरलेला हळूहळू विरून जातो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे मेंदू आपल्या आपण ठरवतो. मंडळाने ती निवड बाहेरून करायची युक्ती शोधली. वर्गात प्रत्येक धड्याबरोबर एक ठरावीक बारीक आवाज वाजायचा, कधी थेंबांचा, कधी घुंगरांचा, कधी वाळक्या पानांचा. रात्री कानामागे चिकटवलेली मऊ पट्टी मेंदूतल्या लहरींवर लक्ष ठेवायची आणि गाढ झोप लागली की तोच आवाज, जाग येणार नाही इतका हळू, पुन्हा ऐकवायची. मेंदू तो धडा उचलायचा. सकाळी मूल उठायचं ते धडा पक्का करूनच.

दिवाळीपर्यंत केतकी वर्गात पहिली आली. पुढच्या वर्षी ती तालुक्यात पहिली होती. दुर्वा होती तिथेच राहिली, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही.

काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा दुर्वाच्या लक्षात आलं ते सायकलवरून शाळेत जाताना. आदल्या महिन्यात दोघी मामाबरोबर नवेगावच्या तलावावर गेल्या होत्या. नाव मधेच बंद पडली होती आणि मामा चप्पल हातात घेऊन वल्हवत बसला होता. त्याची आठवण काढून दुर्वा हसायला लागली. केतकीही हसली, पण उशिरा.

"तुला आठवतंय नं?" दुर्वाने विचारलं.

"हो नं."

"मग मामा काय म्हणाला होता?"

 थोडं पुढे गेल्यावर केतकीने सायकल थांबवली.  "गेलो होतो एवढं माहीत आहे," ती म्हणाली. "पण काहीच दिसत नाही, दुर्वा. तू सांग ना. सुरुवातीपासून सांग."

दुर्वाने सांगितलं. नाव सांगितली, चप्पल सांगितली, पाण्यावरची कमळं सांगितली. केतकी कान देऊन ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रसंग दुर्वाला परत म्हणून दाखवला, पाठांतर दाखवावं तसा.

"आईला सांगू नको," केतकी म्हणाली. "पट्टी काढून घेतील. मग मी पुन्हा होते तिथेच येईन."

त्या दिवसापासून शाळेच्या रस्त्यावर दुर्वा रोज सांगू लागली. काल काय झालं, परवा कोण आलं होतं, भाऊबिजेला कुणी काय दिलं, आजी आजारी पडली तेव्हा घरात कोण कोण होतं. झोपेत केतकीच्या मेंदूला धड्यांमधून सवडच मिळत नव्हती. बाकीचा दिवस पक्का व्हायच्या आधीच पुसला जात होता. हे शास्त्र दुर्वाला माहीत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं की आपण सांगितलं नाही तर बहिणीकडे काहीच उरणार नाही.

खोटं पहिल्यांदा बोललं गेलं ते वडिलांवरून. मुली लहान असतानाच वडील रायपूरला गेले होते, ट्रकच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यात. पुढे त्यांनी तिथेच दुसरं घर केलं. आई, प्रणालीताई, अंगणवाडीत काम करायची आणि त्यांच्याविषयी एक शब्द काढायची नाही. मुलीही तिच्यासमोर काढायच्या नाहीत. सातवीच्या गॅदरिंगला येतो म्हणून त्यांनी फोनवर कबूल केलं होतं. दुर्वा नाचात नव्हती. कार्यक्रम संपेपर्यंत ती शाळेच्या फाटकाशी उभी होती. ते आले नाहीत.

काही महिन्यांनी केतकीने सायकल चालवता चालवता विचारलं, "गॅदरिंगला बाबा आले होते का गं?"

तिच्या आवाजात अशी काही आस होती की दुर्वाच्या तोंडून निघून गेलं, "आले होते नं. तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते. निळा शर्ट होता. तुझा नाच झाला तेव्हा उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी."

केतकी त्या दिवशी शाळेपर्यंत गात गेली.

बारावी झाली. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत केतकी इतकी वर आली की मंडळाचे लोक गाडी घेऊन खैरटोल्याला आले आणि त्यांनी तिचे फोटो काढले. तिला नागपूर मिळत होतं, रायपूरही मिळत होतं. तिने पहिली पसंती रायपूरला दिली.

"नागपूर सोडून रायपूर काहून?" आईने विचारलं. केतकीने काहीतरी थातुरमातुर सांगितलं. खरं कारण तिने दुर्वाला सांगितलं, कपडे वाळत घालताना. "बाबा आहेत ना तिथे. आधी हॉस्टेलला राहीन, मग रविवारी त्यांच्याकडे जाईन. माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवणारा माणूस, तो मला दारातून परत पाठवेल का?"

दुर्वा हातातला ओला दुपट्टा पिळतच राहिली.

त्याच सुमारास सरकारने उजळणी राज्यातल्या प्रत्येक शाळेत न्यायचं ठरवलं. काही पालकांच्या तक्रारी होत्या. मुलं घरातलं विसरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळाने त्यावर आपली चाचणी पुढे केली. तिच्यात मुलांना घरातल्या प्रसंगांवर प्रश्न विचारले होते, घरच्यांनी उत्तरं पडताळली होती आणि जवळपास सगळी मुलं पास झाली होती. तरी विधिमंडळात आवाज उठला की मंडळाची तपासणी मंडळाने करू नये. शेवटी एका स्वतंत्र समीक्षकाची नेमणूक झाली. त्या डॉ. यशोधरा खोब्रागडे, मेंदूशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. त्या नागपूरहून निघाल्या आणि तालुक्या-तालुक्यात बसून मुलांना भेटू लागल्या. एका घरात एकच पट्टी, या नियमामुळे त्यांचं काम सोपं झालं होतं. घरोघरी एक पट्टीवालं आणि एक बिनपट्टीचं मूल होतं. त्या दोघांना वेगवेगळं बसवून तेच प्रश्न विचारायच्या.

आमगावला पंचायत समितीच्या सभागृहाशेजारच्या खोलीत आधी केतकीला बोलावलं, मग दुर्वाला. खोब्रागडे मॅडमचे केस पांढरे होते आणि आवाज दमलेला. त्यांनी दुर्वाला पाणी दिलं, शाळेची चौकशी केली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "सातवीच्या गॅदरिंगला वडील आले होते म्हणे?"

"हो."

"कुठे बसले होते?"

"तिसऱ्या रांगेत, कडेला. निळा शर्ट होता. नाच झाल्यावर उभं राहून टाळ्या वाजवल्या."

 मॅडम म्हणाल्या, "केतकीनेही हेच सांगितलं. हेच शब्द, याच क्रमाने. ती तर स्टेजवर होती, बेटा. दिवे तोंडावर असताना तिसऱ्या रांगेतल्या शर्टाचा रंग दिसतो का?"

दुर्वाने पाण्याचा ग्लास बाजूला ठेवला.

"मी अशा खूप जोड्यांशी बोलले आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन माणसांनी एकच गोष्ट पाहिली तरी आठवणी जुळत नाहीत. एक म्हणतो पाऊस होता, दुसरा म्हणतो ऊन होतं. खऱ्या आठवणी भांडतात. तुमच्या दोघींच्या कुठेच भांडत नाहीत. कधीपासून सांगतेस तिला?"

"सहावीपासून."

"सगळं खरं सांगितलंस?"

"बहुतेक." मग ती रडायला लागली. "तिची पट्टी काढून घेणार का तुम्ही? सीट जाईल का तिची?"

"सीट तिने मिळवली आहे. ती कुणी काढू शकत नाही." मॅडमनी खुर्ची जवळ ओढली. "मंडळाची चाचणी सगळी मुलं पास झाली ती यामुळेच, असं मला वाटतंय. घराघरात कुणीतरी सांगणारं आहे. बहीण, आजी, आई. प्रेमाने सांगतात. चाचणीने आठवण मोजलीच नाही, सांगितलेलं पाठ आहे का तेवढंच मोजलं. हे मला जाहीर सुनावणीत मांडावं लागेल. तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण बोलणार असशील तर आधी तिला सांग. हे तिला माझ्याकडून कळायला नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्वा बहिणीला घेऊन गावाबाहेरच्या तळ्यावर, बोडीवर गेली. पाणी आटलेलं होतं, बगळे चिखलात उभे होते. बांधावर बसल्यावर दुर्वाने एका दमात सांगून टाकलं. "बाबा आले नव्हते. मी फाटकाशी उभी होते. ते आलेच नाहीत."

केतकी आधी हसली. मग तिने दुर्वाचा चेहरा पाहिला. आरशात असावा तसा स्वतःचाच चेहरा, आणि त्यावर काही लपत नव्हतं.

"पण मला दिसतात ते," केतकी म्हणाली. "निळा शर्ट दिसतो मला."

"मी सांगितला म्हणून दिसतो."

"अजून काय काय खोटं आहे?"

"आजीने जाताना तुझं नाव घेतलं नव्हतं. ती बोलतच नव्हती शेवटी."

केतकीने गुडघ्यांना मिठी घातली. "अजून?"

"अजून खोटं असं नाही. पण काही सांगितलंच नाही." दुर्वाने ओढणीने नाक पुसलं. "आपण भांडायचो. खूप. पट्टी मिळाल्यावर तू मला एकदा ढ म्हणालीस, सगळ्यांसमोर. मी तुझी वही विहिरीत टाकली. चार-चार दिवस बोलायचो नाही आपण. ते मी कधीच सांगितलं नाही तुला."

"काहून?"

"सांगावंसं वाटलं नाही."

केतकी उठली. एकटीच बांधावरून चालत टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिचा राग मोठ्या आवाजाचा नव्हता. "मला वाटायचं, माझं बालपण छान होतं," ती म्हणाली. "ते तुझ्या आवडीचं होतं. तुला जेवढं आवडलं तेवढं तू मला दिलंस."

 दोघी मागेपुढे चालत घरी आल्या. त्या रात्री केतकीने पट्टी लावली नाही, आणि दुर्वाशी ती बोललीही नाही.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. मंडळाचे संचालक महेंद्र ठवकर स्वतः आले होते. ते लाखांदूरकडच्या एका लहान गावातले, कंदिलाच्या उजेडात शिकलेले. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. "माझ्याबरोबर शाळेत होती ती मुलं माझ्याहून हुशार होती," ते म्हणाले. "आज ती दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करतात. शहरातल्या मुलाला शिकवणी आहे, घरात इंग्रजी आहे. आमच्या मुलाकडे काय होतं? रात्र होती. ती आम्ही वापरली. या तालुक्यातली किती मुलं आज कॉलेजात आहेत ते बघा, आणि मग आमच्यावर दोष ठेवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुर्वा बोलायला उभी राहिली. तिने सहावीपासूनचं सांगायला सुरुवात केली, पण ते अर्ध्यावर असतानाच मागून कुणीतरी ओरडलं, "हिला पट्टी मिळाली नाही म्हणून जळते ही! बहिणीचं वाटोळं करायला निघाली!" हशा झाला. आणखी दोघेतिघे ओरडले. एका बाईने तर हात जोडून मॅडमना विनवलं की माझा मुलगा दहावीत आहे, त्याची पट्टी बंद करू नका.  दुर्वाने आईकडे पाहिलं. प्रणालीताई ओठ मिटून बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तेच तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मग केतकी उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"ती जळत नाही," केतकी म्हणाली. सभागृह शांत झालं, कारण ही मंडळाच्या फोटोंमधली मुलगी होती. "सर, तुमच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी मिळाले. तुम्ही विचारलं होतं, घरातला आनंदाचा प्रसंग सांग. मी माझे वडील गॅदरिंगला आले ते लिहिलं. माझी आई वडिलांचं नाव घेत नाही. तुमच्या माणसाने तिला पडताळायला सांगितलं तेव्हा तिने काही न बोलता सही केली. मी आज पहिल्यांदा हे बोलतेय तिच्यासमोर. ते आले नव्हते."

लोक वळून प्रणालीताईकडे पाहू लागले.

"मला डॉक्टर व्हायचं आहे आणि मी होणार," केतकी पुढे म्हणाली. "पट्टी नसती तर मी इथवर आले नसते, हे मी नाकारत नाही. पण यात काय जाणार आहे ते मला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित मी तरीही घेतली असती. तेव्हा मी लहान होते. पण निदान माझ्या आईला विचारलं असतं."

खोब्रागडे मॅडम ठवकरांकडे वळल्या. "पट्टी कुणी बनवली?"

"आम्ही."

"तिची चाचणी?"

"आम्हीच."

"आणि मुलं पास झाली, हे कुणी जाहीर केलं?"

ठवकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, मला खरंच ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "आम्ही फक्त गुण पाहत होतो. मला एक सांगा. पट्टी काढली तर या मुलांचं गेलेलं परत येईल?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "जे पक्कंच झालं नाही ते परत कुठून येणार? पुढचं मात्र वाचेल."

घरी परतताना आईने दुर्वाला एवढंच विचारलं, "मला काहून नाही सांगितलं तू?" आणि उत्तराची वाट न बघता तिचा हात धरला. शेवटपर्यंत तो सोडला नाही.

मॅडमचा अहवाल पावसाळ्यानंतर आला. मंडळ बंद करा असं त्यांनी म्हटलं नाही. पट्ट्या बनवणं मंडळाकडे राहिलं. तपासणं मात्र विधिमंडळाला उत्तर देणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे गेलं. आठवड्यातल्या बहुतेक रात्री पट्टी बंद ठेवायची, आणि काय मिळतं नि काय जातं हे मुलांना व पालकांना दर वर्षी सांगून मगच ती द्यायची, असं ठरलं. ठवकरांनी पद सोडलं नाही. पहिल्या वर्षी ते स्वतः गावोगाव जाऊन पालकांना समजावत फिरले, आणि बऱ्याच ठिकाणी शिव्या खाऊन आले. मुलांचे गुण उतरले. पूर्वीइतके खाली गेले नाहीत, पण उतरले. खैरटोल्यात काही लोकांनी बिसेनांच्या घरी येणं सोडलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही.

केतकीने पसंती बदलून नागपूर घेतलं. पट्टी ती लावतच नव्हती. पहिल्या सहामाहीत ती एका विषयात जेमतेम पास झाली. तसा फोन तिने केला, आणि तिच्या आवाजात भीती होती. दुर्वा आता गोंदियाच्या कॉलेजात जात होती. बहिणी बोलायच्या, पण जपून. केतकी काही विचारायची नाही आणि दुर्वा आपणहून काही सांगायची नाही.

सुट्टी लागली त्या दिवशी केतकी घरी यायची होती, ती आली नाही. फोनवर म्हणाली, "मी पुढे जातेय. रायपूरला. पत्ता मामाकडून घेतला." दुर्वा म्हणाली, "मी येऊ?" केतकी म्हणाली, "नको."

ती परत आली ती एक दिवस सोडून, सकाळच्या गाडीने. दुर्वा आमगाव स्टेशनवर घ्यायला गेली होती. केतकी डब्यातून उतरली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि कपडे चुरगळलेले. रायपूरच्या फलाटावर तिने रात्र बसून काढली असावी.

"झोपली नाहीस?"

"नाही."

दुर्वाने तिची बॅग सायकलच्या कॅरिअरला बांधली. दोघी पायी निघाल्या. कापणी झालेल्या बांध्यांमध्ये धानाचे भारे पडले होते. अर्ध्या वाटेवर केतकी म्हणाली, "त्यांना मी कोणती ते ओळखू आलं नाही. म्हणाले, दुर्वा का? मी नाही म्हटलं, तर म्हणाले, बरं बरं. त्यांची बायको चांगली आहे. तिने पोहे केले. त्यांना एक मुलगा आहे, तो माझ्याकडे बघून सारखा लाजत होता. जाताना ते मला सोडायला आले, कोपऱ्यापर्यंत. तिथे काहीतरी म्हणाले."

"काय म्हणाले?" दुर्वाने विचारलं.

केतकीने मान हलवली. "आत्ता नाही."

घरी पोचल्या तेव्हा आई अंगणवाडीत गेलेली होती. दुर्वाने चूल पेटवली, आंघोळीला पाणी ठेवलं, चहा टाकला. चहा घेऊन ती आत गेली तर केतकीने सतरंजी अंथरून अंगावर चादर ओढली होती.

"काही खाऊन घे ना आधी."

"नको. मला आत्ताच झोपायचं आहे." केतकीने कुशीवर वळून डोळे मिटले. "वाईट होतं सगळं, दुर्वा. पण मला ते ठेवायचं आहे. मला उठवू नको."

दुर्वाने चहाचा कप उचलला, खिडकीचा पडदा ओढला आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं. गल्लीत पोरं क्रिकेट खेळत ओरडत होती. ती दारात गेली आणि त्यांना म्हणाली, "जरा तिकडे खेळा रे. आत माझी बहीण झोपली आहे."